भोक नसलेल्या तीन रायफली

माझा धंदा कोणता असं कुणी विचारलं की मी "कापाकापीचा" असं सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. लग्नकार्यात हा माझा आवडता खेळ आहे. शेजारची बाई खुर्ची जराशी सरकवून घेते. मग तिला सांगायचं, "अहो, माणसं नाही, यंत्रं कापते." म्हणजे कापत होते. आता कारखाना भाचीकडे आहे. मी सांगवीच्या घरात बसून तिला फोनवरून सल्ले देते आणि ती ते ऐकल्यासारखं करते.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये गेलात तर एका कोपऱ्यात स्टँडवर ठेवलेलं अर्धं कापलेलं इंजिन दिसेल. आतला पिस्टन दिसतो, व्हॉल्व्ह दिसतात आणि जिथे धातू कापलाय तिथे लालभडक रंग फासलेला असतो. याला 'कट सेक्शन' म्हणतात. पोरांना यंत्राचं पोट कळावं म्हणून ते करायचं. आमचा कारखाना हेच करायचा, आधी भोसरीत भाड्याच्या गाळ्यात आणि नंतर चाकणजवळ निघोजेला. मी आयटीआयची ड्राफ्ट्समन. सर्टिफिकेटवर 'मॅन', म्हणजे पुरुष, लिहिलं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ड्रॉइंग माझं, रंगकाम माझं आणि गिऱ्हाइकाशी बोलणंही माझंच.

कापणं सोपं असतं, कुठे कापायचं ते ठरवणं अवघड. चुकीच्या जागी कापलं तर नुसती लोखंडाची भिंत दिसते, मागचा खेळ दिसतच नाही. आणि खेळ दिसावा म्हणून हावरटासारखं कापत गेलं तर ज्याच्या आधाराने सगळं उभं आहे तेच निघून जातं. मी आधी कागदावर कापायचे, खोडायचे, पुन्हा कापायचे.

गिऱ्हाइकं एकाहून एक. एका प्राचार्यांना डिझेल इंजिन कापून दिलं. त्यांनी चहूबाजूंनी फिरून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "छान. आता चालू करून दाखवा." एका गिरणीवाल्यावर गल्लीतल्या बायकांचा संशय होता की दळणातलं थोडं पीठ गिरणीच्या पोटातच राहतं. त्यांची तोंडं बंद करायला त्याने एक जुनी गिरणी आमच्याकडे कापायला टाकली, ती दुकानाच्या दर्शनी भागात ठेवणार होता. आम्ही कापली, तर आत खरोखरच पीठ. गिरणी न्यायला तो काही आला नाही.

पण मला कुणी आठवण विचारली तर मी सुभेदारसाहेब आणि बबनराव यांचीच सांगते.

सुभेदारसाहेब एक दिवस ऐन जेवणाच्या वेळी निघोजेच्या कारखान्यात आले. सुभेदार म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो माणूस येतो त्यातलं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. बुटके, गोल चेहऱ्याचे, मिशी साफ काढलेली, हातात कापडी पिशवी. सैन्यात त्यांची सगळी नोकरी जवानांच्या बंदुका दुरुस्त करण्यात गेली होती. अशा माणसाला तिकडे आर्मरर म्हणतात. निवृत्तीनंतर पुण्याच्या बाजूला एक खाजगी संग्रहालय उभं राहत होतं, त्याचे ते सल्लागार झाले होते.

"मॅडम, तीन रायफली कापून हव्यात," ते म्हणाले.

मी घास खाली ठेवला. "खऱ्या?"

"खऱ्या तुम्हाला कोण देणार? आधी बनवायच्या, मग कापायच्या. म्हणजे कापलेल्याच बनवायच्या."

अटी त्यांच्या त्यांनीच सांगितल्या. नळीला भोक नको, भरीव सळई हवी. गोळीचा मार्ग काळ्या रंगाने नुसता रंगवायचा. आतला एकही भाग चालता कामा नये. आणि सगळं खऱ्यापेक्षा सव्वापट मोठं करायचं, म्हणजे कुणी कितीही डोकं लढवलं तरी यातला तुकडा खऱ्या बंदुकीला बसणार नाही. पोलिसांना आधी कळवायचं, परवानगी घ्यायची. मला त्यांचं हे आवडलं. गिऱ्हाईक सहसा "अगदी खऱ्यासारखं हवं" म्हणतं. हे म्हणत होते, दिसायला खरं हवं, पण खोटं आहे याची खात्री हवी.

"पण दाखवायचंय काय?" मी विचारलं.

"असॉल्ट रायफल कुठून आली ते. सिनेमात रोज बघतात, पण ती आली कुठून हे विचारलं तर कुणी सांगत नाही."

मग त्यांनी पिशवीतून लाकडाची तीन काडतुसं काढून माझ्या डब्याशेजारी उभी केली. एक लांब, एक आखूड, एक मधलं. लांबडं होतं जुन्या रायफलीचं. ते हजार मीटरवर मारा करायचं, पण लढाईत समोरचा माणूस बहुतेक वेळा तीन-चारशे मीटरच्या आतच असतो. शिवाय धक्का असा की भराभर झाडायला गेलं तर बंदूक आभाळाकडे बघू लागते. आखूड होतं पिस्तुलाचं. ते भराभर झाडता येतं, पण थोड्या अंतरानंतर त्याचा दम संपतो.

"आणि हे मधलं," ते म्हणाले. "यानेच सगळं बदललं. धक्का कमी, वजन कमी, म्हणून जवानाला जास्त काडतुसं नेता येतात. आधी हे आलं, मग याच्या मापाची बंदूक आली. लोक बंदुकीचं कौतुक करतात, पण तिची आई हे काडतूस आहे."

तीन रायफलींतली पहिली होती पहिल्या महायुद्धाच्या काळातली. रशियात एका माणसाला ही कल्पना सुचली होती. मधलं काडतूस त्याच्यापाशी नव्हतं, म्हणून त्याने त्यातल्या त्यात सौम्य असं जपानी काडतूस वापरलं. थोड्या बनल्या आणि प्रकरण मागे पडलं. दुसरी जर्मनांची, दुसऱ्या महायुद्धातली. हिची गोष्ट ऐकून मला फार हसू आलं होतं. तिकडच्या हुकूमशहाला नवीन रायफल नको होती. मग खालच्या लोकांनी काय केलं, तर काम तसंच चालू ठेवलं आणि कागदावर तिचं नाव 'मशीन पिस्तूल' लावलं. पुढे ती आघाडीवर गाजली, साहेब खूश झाले आणि नाव पडलं 'हल्ल्याची रायफल'. असॉल्ट रायफल हा शब्द तिथूनच आला. चाकणपट्ट्यात ज्याने नोकरी केलीय त्याला हे समजावून सांगायला नको. साहेब नवीन मशीनला नाही म्हणाले की ते दुरुस्तीच्या नावाखाली आणायचं, ही विद्या आपल्याकडेही घरोघर आहे. तिसरी म्हणजे अर्थात एके सत्तेचाळीस.

आता बबनरावांबद्दल. बबनराव निघोजेचेच. घरची शेती, आणि हयात गेली मोटारीचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये. प्रेस शॉप म्हणजे जिथे सपाट पत्रा डाय नावाच्या साच्यावर ठेवून प्रचंड मोठ्या यंत्राखाली दाबतात आणि गाडीचं दार नाहीतर बॉनेट होऊन तो बाहेर पडतो. बबनराव हे डाय बनवायचे. निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून आमच्याकडे यायला लागले. कान जरा मंद झाले होते, प्रेस शॉपची देणगी. त्यामुळे ते सगळ्यांशी यंत्र चालू असल्यासारखे बोलत.

सुभेदारसाहेबांनी जर्मन रायफलीचे फोटो टेबलावर पसरले, तशी बबनरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"ताई, ही कुठल्या खात्यात बनलीया?"

"जर्मनीत," मी म्हटलं.

"त्ये कळलं. खातं कंचं? आवो, ही प्रेस शॉपातली हाय!" त्यांनी बंदुकीच्या अंगावरच्या उठावाच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. "पातळ पत्र्याला ताकद द्यायची तर अशी रिब पाडावी लागती. तुमच्या गाडीच्या फ्लोअरला खालनं बघा, तश्शीच हाय. ही कुनी कोरून काढलेली न्हाई, दाबून काढलीया."

सुभेदारसाहेब एकदम खुलले. बबनरावांचं बरोबर होतं. त्याआधी रायफलीचं अंग पोलादाचा ठोकळा कोरून काढायचे. त्यात पोलाद वाया, वेळ वाया, आणि कुशल कारागीर तर युद्धावर गेलेले. म्हणून बंदूक बनवणाऱ्यांनी टाइपरायटर आणि तसल्या पत्र्याच्या वस्तू करणाऱ्या एका कंपनीची मदत घेतली आणि पत्रा दाबून रायफल केली.

"टायपरायटरवाले!" बबनरावांनी कपाळावर हात मारला. "म्हंजी आमचंच भाऊबंद की."

त्या दिवसापासून ते तिला 'आपली' म्हणायला लागले आणि तिथूनच भांडण पेटलं. एके पाहिल्यावर बबनरावांनी निकाल देऊन टाकला, "कापी हाय. काडतुसांचं वाकडं मॅगझिन त्येच, नळीवरची दुसरी नळी तीच. आमच्या चाकनात ह्ये रोज चालतंय. एकानं हँडल काढलं की शेजारचा तसलंच काढतोय आनि वर म्हनतोय डिझाइन माझं."

सुभेदारसाहेबांचा गोल चेहरा तांबडा झाला. "बबनराव, ही बंदूक मी आयुष्यभर हाताळली आहे. एक रणगाड्यावरचा सार्जंट जखमी होऊन इस्पितळात पडला आणि तिथे त्याने ही मनात रचली. कॉपी कुणाला म्हणता?"

"इस्पितळात पडून मानूस दुसऱ्याचंच बघतोय. दुसरा उद्योग काय असतोय?"

पुढे कित्येक आठवडे हे चाललं. सुभेदारसाहेब काम बघायला म्हणून यायचे आणि वाद घालून जायचे. वाद माझ्या टेबलावर व्हायचा आणि चहा माझ्या ड्रॉइंगवर सांडायचा. शेवटी मी वैतागले. दोन्ही रायफलींचे छेद मी एकाच कागदावर, एकाखाली एक काढले आणि दोघांना बोलावून म्हटलं, "आता तोंडाने नाही, डोळ्यांनी भांडा."

रायफलीच्या पोटात एक महत्त्वाचा तुकडा असतो, त्याला बोल्ट म्हणतात. गोळी सुटते त्या क्षणी काडतुसामागचं दार घट्ट बंद राहायला हवं. ते दार म्हणजे बोल्ट. जर्मन रायफलीत हे दार मागच्या बाजूने खाली झुकून खाचेत बसतं, अडसर पडल्यासारखं. रशियन रायफलीत ते कुलपातल्या किल्लीसारखं फिरून अडकतं. कागदावर दोन्ही एकाखाली एक आल्यावर फरक लपेना.

बबनराव कागदावर वाकून किती तरी वेळ बघत राहिले. मग सरळ झाले.

"भाईरून जुळी हायेत, पर आतून सावत्र. म्या हारलो."

सुभेदारसाहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना भेळ खाऊ घातली. पण दुसऱ्या दिवशी ते आले ते तोंड पाडून. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मॅडम, एक सांगायला हवं. मी जिंकलो ते अर्धंच. तो फिरणारा बोल्ट आणि चापाची रचना अमेरिकन सैन्याच्या रायफलीशी फार जुळते. बाजूला ती मोठी पट्टी असते ना, सेफ्टीची, तशी त्याआधीच्या एका अमेरिकन शिकारीच्या बंदुकीवर होती. आणि मधल्या काडतुसाचं बळ काय असतं, हे जर्मनांनी रशियनांना लढाईत समोरून दाखवलंच होतं."

कुणी मागितलं नसताना हा माणूस आपली जीत परत करायला आला होता. बबनराव खदखदून हसतील असं मला वाटलं, पण त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मंग त्या सार्जंटाचं सोताचं काय ऱ्हायलं?"

"जुळवणी," सुभेदारसाहेब म्हणाले. "चार घरचं आणून एका घरात नांदवलं. आणि दुसरी, ढिलाई."

"ढिलाई?"

"आतले भाग एकमेकांना घासून बसत नाहीत. मुद्दाम मोकळी जागा ठेवली आहे. चिखल जाऊ दे, वाळू जाऊ दे, बंदूक अडत नाही."

बबनरावांचं सगळं आयुष्य केसाइतकीही फट राहू नये म्हणून गेलं होतं. मुद्दाम ढिलं ठेवायचं, आणि तेही विचार करून, हे त्यांच्या मनात काही मावेना. संध्याकाळी निघताना मला म्हणाले, "ताई, त्यो बेनं हुशार हुता बगा."

पण खरी परीक्षा पुढेच होती. पहिली आणि तिसरी रायफल आम्ही ॲल्युमिनियम आणि लाकडात कोरून काढली. दुसरीचं अंग मात्र खरोखर पत्रा दाबूनच करायचं, असा बबनरावांचा हट्ट. "प्रेस शॉपाची वस्तू हाय, ती कोरली तर तिचा अपमान हुईल." त्यांनी डाय बनवला. भोसरीत ओळखीच्या एका प्रेसवर पत्रा दाबला, तर रिबेच्या कोपऱ्यात तडा. दुसरा दाबला, तोही फाटला. पत्रा बदलला, तेल बदललं, तरी तेच. फाटलेल्या पत्र्यांचा कोपऱ्यात ढीग झाला आणि उद्घाटन जवळ आलं.

भाचीने सुचवलं की थ्री-डी प्रिंटरवर छापून टाकू, वरून रंग दिला की कुणाला कळतंय? बबनराव तिच्यावर ओरडले नाहीत, एवढंच. मलाही तोच मार्ग दिसत होता. वेळेवर माल न देणारा कारखाना असं नाव एकदा पडलं की आमच्यासारख्या छोट्यांना ते धुऊन काढता येत नाही. मी बबनरावांना तसं सांगितलं. ते फाटक्या पत्र्यांशेजारी स्टूल घेऊन बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात तडकलेला पत्रा, त्याच्या कडेवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होता.

"आता हात गेला माझा, ताई," ते म्हणाले. नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, हळूच. मला तेव्हा त्यांची पहिल्यांदा काळजी वाटली.

त्याच वेळी सुभेदारसाहेब आले. त्यांनी ढीग पाहिला, बबनरावांचा चेहरा पाहिला आणि दुसरं स्टूल ओढून शेजारी बसले.

"बबनराव, एक गोष्ट सांगायची राहिली. एके पहिल्यांदा बनवली ना, तेव्हा तिचं अंगही पत्रा दाबूनच करायचं ठरलं होतं. केलंही तसं. पण माल इतका बाद व्हायला लागला की त्यांनी नाद सोडला. पुढे कित्येक वर्षं पोलादाचा ठोकळा कोरूनच एके बनवत होते. पत्र्यावर परत आले ते फार नंतर."

बबनरावांनी मान वर केली. "रिजेक्शन?"

"रिजेक्शन."

"अख्ख्या देशाचं?"

"अख्ख्या देशाचं."

बबनराव हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलवत, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हंजी येवढं मोटं सरकार, येवढी मोटी फॅक्टरी, आनि त्यांच्याबी कोपऱ्यात असलाच ढीग!" ते उठले, पत्रा उजेडात धरला आणि म्हणाले, "ही एका दणक्यात व्हायची न्हाई. दोन टप्प्यांत घ्यावी लागंल. आनि कोपरा जरा गोल करतो. बयेला घाई केली, म्हनून रुसली."

त्यांनी पुन्हा डाय घासायला घेतला. दुसऱ्या टप्प्याला पत्रा दाबला गेला तेव्हा मी प्रेसपाशीच उभी होते. वरचा भाग उचलला आणि खाली रिबा पडलेलं, कुठेही न फाटलेलं अंग दिसलं. बबनरावांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि सुभेदारसाहेबांच्या हातात ठेवलं. सुभेदारसाहेबांनी नुसतं "शाबास" म्हटलं. सैन्यातल्या माणसाच्या तोंडून तो शब्द फार वजनदार वाटतो.

मी कापलेल्या कडा लाल रंगवल्या, स्प्रिंगा पिवळ्या, बार उडाल्यावर होणाऱ्या वायूचा मार्ग निळा. तिन्ही रायफली शेजारी शेजारी ठेवल्या आणि मागे होऊन पाहिलं. देखण्या दिसत होत्या. आणि त्या देखण्या दिसताहेत याचंच मला जरा कसंतरी वाटलं. इंजिन रंगवताना असं कधी झालं नव्हतं.

माल पोहोचवायच्या दिवसाची सूचना आम्ही पोलिसांना दिली होती. पण बबनरावांना दम निघेना. आदल्या दिवशी दुपारीच त्यांनी 'आपली' आमच्या छोटा हत्ती टेम्पोत घातली, वर ताडपत्री टाकली आणि मला न विचारता निघाले. मोशीला चहाला थांबले. वाऱ्याने ताडपत्रीची कड उडाली आणि सव्वापट मोठ्या रायफलीचं तोंड बाहेर आलं.

मला फोन आला तो बबनरावांचाच. "ताई, म्या चौकीत हाय. घाबरू नगा, त्यांनी च्या दिलाय."

मी सुभेदारसाहेबांना घेऊन धावत गेले. चौकीबाहेर ही गर्दी. आत टेबलावर रायफल आडवी, पोट लालभडक उघडं. बबनराव बाकावर बसून समोरच्या हवालदाराला डायची माहिती देत होते. इन्स्पेक्टर चाळिशीचे, शांत बोलणारे होते.

"मॅडम, हे काय आहे?"

"कट सेक्शन," मी म्हटलं.

"हेही मघापासून तेच सांगताहेत. मला त्याचा अर्थ हवाय."

मी सगळं सांगितलं. त्यांनी नळीत डोकावून पाहिलं, भोक नाही. चाप ओढून पाहिला, तो हलला नाही, कारण तो मी स्वतः चिकटवला होता. फोनवरून वरच्या कार्यालयात आमची सूचना तपासली आणि ती मिळाल्यावर म्हणाले, "तुम्ही उद्याचं कळवलंय आणि आज निघालात." चूक सर्वस्वी आमचीच होती. मी माफी मागितली. बबनरावांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

तणाव उतरला तशी चौकीतली माणसं टेबलाभोवती जमली आणि सुभेदारसाहेबांनी तिथेच वर्ग सुरू केला. काडतूस इथे येतं, वायू इथून मागे येतो, तो याला ढकलतो, हे मागे जातं, स्प्रिंग त्याला पुढे आणते. इन्स्पेक्टर हाताची घडी घालून ऐकत होते.

"माझी पहिली नेमणूक जंगलाच्या भागात होती," ते मध्येच म्हणाले. "आमच्या तुकडीवर अशाच बंदुकांनी गोळीबार झाला होता. आवाज माझ्या ओळखीचा आहे. आत काय असतं ते आज पाहिलं." त्यांनी पिवळ्या स्प्रिंगवर बोट ठेवलं. "इतकंच असतं?"

"इतकंच," सुभेदारसाहेब म्हणाले.

"फारच थोडं आहे," इन्स्पेक्टर म्हणाले. मग त्यांनी आवाज बदलला. "हे असं नेलंत तर पुढच्या प्रत्येक चौकात मला फोन येतील. रायफल आमच्या जीपमधून जाईल. आणि काका, तुम्ही पुढे बसा."

बबनराव पोलिसांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेले. निघोजेत ही बातमी त्यांच्या आधी पोहोचली. नंतर महिनाभर ते गावात प्रत्येकाला "पकडलं न्हवतं, सोडायला आलं हुतं" असं समजावत फिरत होते.

उद्घाटनाला मी आईला घेऊन गेले. आई नव्वदीकडे झुकलेली. पिंपरीच्या कारखान्यात वडिलांची नोकरी, त्या पगारात तिने आम्हा भावंडांना शिकवलं, आणि मी आयटीआयला जाणार म्हटल्यावर वस्तीतल्या बायकांशी माझ्यासाठी भांडली. पण माझं कुठलंच काम तिने कधी मांडलेलं पाहिलं नव्हतं. बुद्धविहारात जाताना नेसायची ती पांढरी साडी नेसून आली होती.

दालनाच्या दाराला फीत बांधलेली. प्रमुख पाहुणे एक निवृत्त जनरल, त्यांच्या हातात कात्री. फोटोवाले, भाषणवाले, सगळे उभे. मी आईचा हात धरून तिला पुढे नेत होते तशी ती दाराच्या अलीकडेच थांबली.

"मी नाही यायची आत."

"का गं? पाय दुखतायत का?"

"ते बघ ना. माझ्यावरच रोखलंय."

मी पाहिलं. मांडणी करणाऱ्याने समोरून छान दिसावं म्हणून तिन्ही रायफलींची तोंडं दाराकडे केली होती. आत येणारा प्रत्येक माणूस आधी तीन नळ्यांसमोर उभा राहणार होता. आम्ही सगळे दोन दिवस तिथे वावरलो होतो, पण कुणाला ते दिसलं नव्हतं.

मी हळू आवाजात म्हटलं, "आई, खोट्या आहेत. नळीला भोकसुद्धा नाही."

"मला नळी नाही दिसत इथून. रोख दिसतोय."

सुभेदारसाहेब जवळच होते. त्यांच्या कानापर्यंत लाली चढली. "मॅडम, आईंचं बरोबर आहे. रिकाम्या बंदुकीचंसुद्धा तोंड माणसाकडे करायचं नाही, हे मी हजारो पोरांना शिकवलं. आणि आज..." ते वाक्य तसंच सोडून जनरलसाहेबांसमोर गेले आणि ताठ उभे राहिले. "सर, पाच मिनिटं द्या. रोख बदलायचा आहे."

जनरलसाहेबांनी दारातून आत पाहिलं आणि कात्री शेजारच्या माणसाकडे दिली. "चला."

काचेच्या पेट्यांसकट ती टेबलं भलती जड होती. बबनरावांनी नव्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि प्रेस शॉपमधल्या आवाजात हुकूम सोडायला सुरुवात केली. "तुमी तिकडचा कोपरा धरा. न्हाई, तुमी न्हाई, जन्रल धरत्याल. हं, उचला!" जनरलसाहेबांनी मुकाट्याने कोपरा धरला. एकेक टेबल उचलून, फिरवून, तिन्ही नळ्यांची तोंडं मागच्या भिंतीकडे झाली. माहितीच्या पाट्या उलट बाजूला राहिल्या. एकाने त्या हातातच धरल्या.

फीत अजून बांधलेलीच होती. ती कापायची कुणाला आठवण होण्याआधी आई वाकली, फितीखालून आत गेली, पदर सारखा केला आणि घामाने डबडबलेल्या बबनरावांसमोर जाऊन उभी राहिली.

"हं," ती म्हणाली. "आता दाखवा, काय काय केलंत ते."